विहिरीवरचा ठिपका

शनिवार, रात्र

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ हा पहिल्या महायुद्धात अरबांबरोबर तुर्कांशी लढलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यावरचा चित्रपट संपून दिवे लागले आणि पाच जणांत पहिला विषय निघाला तो विहिरीचा. क्षितिजावर एक काळा ठिपका थरथरतो. बराच वेळ तिथंच असतो, मग हळूहळू त्याचा उंटस्वार होतो आणि त्याच्या गोळीनं विहिरीवरचा लॉरेन्सचा वाटाड्या मरतो. छायाचित्रणकार फ्रेडी यंग यांनी हे ४८२ मिलिमीटरच्या लेन्सनं टिपलं. एवढ्या लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये अंतर दाबलं जातं, त्यामुळे उंट दौडत असला तरी जवळ येतोय असं वाटत नाही. तापलेल्या हवेनं प्रकाश वाकतो, म्हणून त्याच्या पायाशी पाणी चमकतं.

हा ठिपका दिसलाच नाही तर पुढचं निम्मं बोलणं फुकट. त्यासाठी खोलीत पूर्ण अंधार हवा. टीव्हीची हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग आधी बंद करावी, नाहीतर ठिपक्याच्या कडा फाटतात. वरखालच्या काळ्या पट्ट्या घालवायला ‘झूम’ तर मुळीच करू नये. चित्राचं प्रमाण २.२०:१ आणि टीव्हीचं १.७८:१, म्हणजे पडदा भरायच्या नादात रुंदीचा जवळजवळ पाचवा हिस्सा जातो. सुरुवातीला चारेक मिनिटं काळ्या पडद्यावर नुसतं मोरिस जार यांचं संगीत असतं. हे आधी सांगून ठेवावं, कारण बिघाड समजून कुणीतरी हमखास रिमोट उचलतं. एकूण वेळ पावणेचार तास, मध्यंतर सव्वादोन तास उलटल्यावर. तेव्हा पंधरा मिनिटं पाय मोकळे करावेत, पण इतिहास काढू नये. खरं-खोटं सुरू झालं की उत्तरार्ध कुणी डोळ्यांनी बघत नाही.

काडी विझते आणि वाळवंटात सूर्य उगवतो, त्या जोडावरही बोलणं झालं. तिथं मुळात डिझॉल्व्ह, म्हणजे एक चित्र विरत दुसरं उमटणं, ठरला होता. संपादनाच्या टेबलावर दोन्ही तुकडे नुसते जोडलेले दिसले आणि तेच पसंत पडलं. संपादक ॲन कोट्स यांनी त्यातून आणखी दोन फ्रेम काढल्या. एवढ्याशानं तो झटका बसतो.

इतिहास शेवटी काढला. तुर्कांच्या ताब्यातल्या अकाबा बंदराची लढाई पडद्यावर एका दौडीत संपते. प्रत्यक्षात मुख्य झुंज आधीच अबू अल-लसानला झाली होती आणि ६ जुलै १९१७ रोजी अकाबा जवळजवळ न लढताच हाती आलं. पडद्यावरचं गाव स्पेनमध्ये कार्बोनेरासजवळ उभारलेलं. हे फरक सांगून टाकले की पुरे.

गासिमचा बदल मात्र तेवढ्यावर सोडता येत नाही. वाळवंटात मागे राहिलेल्या गासिम या साथीदाराला लॉरेन्सनं परत आणलं, हे खरं. पण आधी काही महिने त्यानं स्वतःच्या हातानं ज्याला मारलं तो हामेद, वेगळाच माणूस. हे लॉरेन्सनंच लिहून ठेवलंय. चित्रपटानं दोघांचा एक माणूस केला. ते का, हे ठिपक्यांवरून कळतं. गासिमला घेऊन लॉरेन्स परततो तेव्हा वाट बघणाऱ्या पोराला क्षितिजावर तसाच ठिपका दिसतो. विहिरीवरच्या ठिपक्यानं मरण आणलं होतं, हा जीव घेऊन येतो. पुढे तोच जीव लॉरेन्सच्या पिस्तुलासमोर येतो. नंतर ब्रिटिश सेनापती ॲलन्बीपुढे लॉरेन्स कबूल करतो की मारताना आपल्याला आनंद झाला. गोळी हामेदसारख्या परक्याला लागली असती, तर हे वाक्य इतकं अंगावर आलं नसतं.