काही लागलं तर सांग

"काही लागलं तर सांग हं" हे मी ताईला किती वेळा म्हटलं असेल याची गणती नाही, आणि तिने एकदाही काही सांगितलं नाही, म्हणजे हिला काही लागत नसणार असं मी धरून चाललो. डोकंच चालवलं नाही.

नंतर डिप्रेशनमधून बऱ्यापैकी सावरल्यावर ती म्हणाली, तुझा मेसेज आला की मी "हो" टाइप करायचे, मग वाटायचं नुसतं हो काय, नीट लिहू या, मग खोडायचे, फोन पालथा ठेवायचे आणि उत्तर दिलं नाही याचं ओझं रात्रीपर्यंत. मी मात्र इकडे ते 'टायपिंग' दिसून बंद होताना बघायचो आणि चिडायचो, एवढा काय भाव खाते!

डिप्रेशन म्हणजे रडारड असं माझ्या डोक्यात होतं. ताई रडतच नव्हती, तिला काहीच वाटत नव्हतं, ना आनंद ना राग. डॉक्टरांनी विचारलं ते हेच, की किमान 2 आठवडे जवळजवळ रोज असं आहे का, झोप कशी, भूक कशी, कशात लक्ष लागतं का. काहींची झोप उडते, काही दिवसभर झोपून असतात. ताई दुसऱ्या प्रकारातली, त्यामुळे घरात 'आळशी' हा शिक्का आधीच बसलेला (तो शिक्का मारणाऱ्यांत मीपण होतो).

गोळ्या सुरू झाल्यावर तर मी कहरच केला, चौथ्या दिवसापासून रोज "फरक वाटतोय का?" अरे, या गोळ्यांचा परिणाम जाणवायलाच 2 ते 4 आठवडे जातात, कधी त्याहून जास्त, आणि मळमळ वगैरे त्रास आधी सुरू होतो. म्हणजे तिला मळमळतंय आणि मी रिझल्ट मागतोय. बरं वाटायला लागल्यावरही मनाने बंद करायच्या नसतात, साधारण 6 महिने तरी चालू ठेवायला सांगतात आणि मग हळूहळू कमी करतात, हेही मला तेव्हाच कळलं.

एक प्रश्न मात्र मी घाबरून टाळत होतो, जीव द्यावासा वाटतो का. विचारलं तर उलट तिच्या डोक्यात यायचं असं वाटायचं, पण तसं होत नाही, सरळ विचारावं असं डॉक्टरच म्हणाले. कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारलं. ती म्हणाली, "कधीकधी." त्याच संध्याकाळी आम्ही डॉक्टरांना फोन केला. कुणीतरी विचारलं म्हणून हलकं वाटलं, असं ती आजही म्हणते.

मग मी "सांग" म्हणणं सोडलं. सांगण्यासाठी आधी काय हवंय ते ठरवावं लागतं, आणि तेवढंच तर तिला जमत नव्हतं. त्याऐवजी मेसेज टाकला, "5 वाजता येतोय, भांडी घासून जाईन, बोलायची गरज नाही, रिप्लायपण नको."

गेलो, घासली. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. निघताना चपला घालत होतो तेव्हा आतून आवाज आला, "नळ नीट बंद कर, ठिबकतोय."

परत आत गेलो, नळ बंद केला.