टोचल्याबिगर गाठ कळते का?

नांदेडला एमआरआय वाचायला बसलो की नातेवाइकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, डोळ्यातली गाठ टोचल्याबिगर कळत न्हाई का?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून लिहितो.

बरंच कळतं. एमआरआयमध्ये डिफ्युजन नावाचा सिक्वेन्स असतो. पाण्याचे रेणू किती मोकळेपणी हलतात, ते त्यात मोजतात. माळेगावच्या जत्रेत जसं पाऊल उचलायलाही जागा नसते, तशा गाठीत पेशी खच्चून भरल्या की पाणी अडतं. अशी गाठ डिफ्युजनवर पांढरी आणि एडीसी मॅपवर, म्हणजे पाणी किती हलतं त्या आकड्याच्या चित्रावर, काळी दिसते. दोन्ही चित्रं शेजारी लावूनच बघावी लागतात. नुसता पांढरा डाग कधी कधी जास्तीच्या पाण्यामुळेही उमटतो. शरीराच्या तापमानाला मोकळ्या पाण्याचा एडीसी दर सेकंदाला चौरस मिलिमीटरचे सुमारे 3 हजारांश असतो. डोळ्याच्या खोबणीतल्या लिम्फोमाचा, म्हणजे लसिका पेशींच्या कॅन्सरचा, बहुतेकदा 1 हजारांशाच्याही खाली जातो.

या तपासणीचं मोल मला सगळ्यात जास्त वाटतं ते लहान लेकरांसाठी. रेटिनोब्लास्टोमा हा पडद्याचा कॅन्सर बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. तिथे सुई घालत नाहीत, पेशी डोळ्याबाहेर सांडायची भीती असते. सीटीही शक्यतो टाळतात, कारण जनुकातच दोष असलेल्या लेकराला किरणोत्सर्गाचा धोका जास्त. मग गुंगी देऊन एमआरआय करतात. केमोनंतर गाठीचा मेलेला भाग एडीसीवर उजळतो, जिवंत भाग काळाच राहतो. हा फरक दिसला की पुढचा निर्णय घेणाऱ्या डॉक्टरांना मोठा आधार मिळतो.

मोठ्या माणसांचं वेगळं. खोबणीतली गाठ लिम्फोमा की नुसती सूज, याचा अंदाज डिफ्युजन देतं; पण पू साचला तरी पाणी अडतंच. म्हणून तिथे तुकडा काढावाच लागतो, आणि तोही स्टेरॉइड सुरू करण्याआधी. स्टेरॉइडनं लिम्फोमाही तात्पुरता ओसरतो आणि मग तपासणीत नीट सापडत नाही.

शेजारच्या सायनसमधल्या हवेमुळे डोळ्याचं डिफ्युजन चित्र वेडंवाकडं येतं, रुग्णानं डोळा हलवला तरी बिघडतं. मशीन बदललं की आकडाही थोडा बदलतो. तेव्हा फेरतपासणी जमेल तिथवर त्याच मशीनवर करा, आणि येताना रिपोर्टच्या कागदासोबत जुनी सीडी आणा.