हरकती व सूचनांचा अभ्यास

इंटरनेट कायदा हा विषय मी अध्यापनासाठी निवडला, तेव्हा विधी महाविद्यालयांत त्याची ओळख सायबर गुन्ह्यांपुरतीच होती. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 मधील कलमे आणि शिक्षा शिकवून झाल्या की अभ्यासक्रम संपत असे. माझे संशोधन मात्र कालांतराने कलमांच्या अर्थाकडून ती कलमे कशी तयार होतात या प्रश्नाकडे वळले, आणि त्याला कारण ठरले कलम 66-अ.

26 नोव्हेंबरच्या मुंबईवरील हल्ल्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच डिसेंबर 2008 मध्ये संसदेने जवळजवळ चर्चेविना मंजूर केलेल्या दुरुस्तीतून हे कलम आले. ऑनलाइन पाठवलेल्या मजकुरासाठी, ‘अतिशय आक्षेपार्ह’ अशा मोघम शब्दांवर, तीन वर्षांपर्यंतचा कारावास ठेवण्यात आला होता. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल एका तरुणीला, आणि तो मजकूर केवळ ‘लाइक’ केल्याबद्दल दुसरीला, नोव्हेंबर 2012 मध्ये पालघर येथे अटक झाली, तेव्हा त्या मोघमपणाचा अर्थ साऱ्या देशाला कळला. सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवले. तरीही ठिकठिकाणची पोलीस ठाणी त्याखाली गुन्हे नोंदवतच राहिली, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. आपल्या विद्याशाखेत निकालपत्रांचे वाचन उत्तम होते, परंतु घाईने झालेला कायदा निकालानंतरही किती काळ त्रास देतो, याचा अभ्यास फार थोडे लोक करतात.

याच्या उलट उदाहरण श्रेया सिंघल निकालाच्याच वर्षीचे आहे. ट्राय या दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मार्च 2015 मध्ये सल्लामसलतीसाठी एक टिपण प्रसिद्ध केले आणि नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेटवरील सर्व मजकुराला समान वागणूक देण्याच्या, बाजूने दहा लाखांहून अधिक ईमेल आले. ते सर्व ट्रायने संकेतस्थळावर ठेवले. त्यात लोकांचे ईमेल पत्ते उघडे पडले, हे निश्चितच चुकीचे होते. मात्र कोणी काय म्हटले, हे सर्वांना वाचता आले, ही गोष्ट मला अत्यंत मोलाची वाटते. त्यानंतर डेटाच्या भेदभावी, म्हणजे संकेतस्थळानुसार बदलणाऱ्या, दरांबाबत स्वतंत्र सल्लामसलत झाली. फेसबुकने निवडक संकेतस्थळे मोफत देणाऱ्या आपल्या ‘फ्री बेसिक्स’ योजनेसाठी लोकांकडून एकाच साच्यातील असंख्य पत्रे पाठवून घेतली, तेव्हा विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांत नाहीत, असे ट्रायने स्पष्टपणे कळवले. 8 फेब्रुवारी 2016 रोजी भेदभावी दरांना बंदी घालणारे विनियम आले. त्यांना जोडलेल्या स्पष्टीकरणात दोन्ही बाजूंचे युक्तिवाद मांडून त्यांना उत्तरे दिलेली आहेत. डिजिटल लोकशाही म्हणजे काय असे कोणी विचारले, तर ऑनलाइन मतदानाच्या आधी मी हे स्पष्टीकरण वाचायला देतो, कारण राज्यसंस्था नागरिकाला कारणांसह उत्तर देते, हे त्यात प्रत्यक्ष दिसते.

वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या कायद्याबाबत मात्र ही पद्धत टिकली नाही. 2022 च्या मसुद्यावर हरकती व सूचना मागवताना, आलेली मते जाहीर केली जाणार नाहीत, असे केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने आधीच सांगून टाकले, आणि जानेवारी 2025 मधील प्रारूप नियमांच्या वेळीही तेच झाले. 2023 च्या या अधिनियमाच्या कलम 44(3) ने माहिती अधिकार कायद्यातील कलम 8(1)(जे) बदलून वैयक्तिक माहिती नाकारण्याची वाट रुंद केली आहे. केंद्राच्या 2005 च्या कायद्याआधीच स्वतःचा माहिती अधिकार अधिनियम करणाऱ्या महाराष्ट्राने या बदलाची अधिक दखल घ्यायला हवी होती, असे माझे मत आहे. कोणत्या संस्थांनी त्याला विरोध केला, कोणी तो मागितला आणि सरकारला कोणाचे म्हणणे पटले, हे ताडून पाहण्यासाठी संशोधकाच्या हाती मंत्रालयाकडची मूळ कागदपत्रेच नाहीत.

भाषेचा अडथळा तर त्याही आधी उभा राहतो. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची प्रारूप अधिसूचना आठव्या अनुसूचीतील 22 भाषांत उपलब्ध करावी, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने जून 2020 मध्ये दिला होता. डिजिटल कायद्यांनाही तोच निकष लागू व्हावा, असे मी सातत्याने लिहीत आलो आहे. तोपर्यंत माझे पदव्युत्तर विद्यार्थी दरवर्षी एखादा मसुदा मराठीत आणतात, त्यावर मराठीतच हरकती लिहितात आणि मुदतीच्या आत संबंधित विभागाकडे पाठवतात. त्यासाठी परीक्षेत स्वतंत्र गुण ठेवले आहेत.