अंधारीतली सहल

दौलताबादच्या किल्ल्यावर मी गाईड आहे. अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारात, शिरलं की माझा एक ठरलेला खेळ असतो: मध्येच टॉर्च बंद करायचा, लोक ओरडले की लावायचा. गेल्या हिवाळ्यात अंध मुलांच्या शाळेची सहल आली आणि हा खेळच बाद झाला.

मुलांना सगळं हातानं बघायचं होतं. महाकोट या तटबंदीच्या दरवाजावरचे खिळे चाचपता चाचपता एकानं विचारलं, "काका, हत्ती धडक मारायला पळत येणार कुठून?" त्याला चौकातून भिंतीला हात लावत पुढच्या दरवाजापर्यंत चालवलं. दरवाजे समोरासमोर नाहीत, मध्ये वळावं लागतं, हे त्यानंच मला सांगितलं. एरवी हे समजावताना माझे हात दुखतात, आणि निम्मे लोक सेल्फीत असतात.

चिनी महालात औरंगजेबानं गोवळकोंड्याचा सुलतान तानाशहा याला कैदेत ठेवलं होतं, एवढं सांगून खंदकावरचा पूल ओलांडला.

अंधारी म्हणजे डोंगर पोखरून काढलेली वळणावळणाची वाट. वटवाघळांचा उग्र दर्प. मुलं बेधडक शिरली, पण थोड्या पायऱ्यांतच चाल मंदावली. पुढची मुलगी काठी टेकवत थांबली. "एक पायरी वीतभर, दुसरी गुडघ्याएवढी. मुद्दाम केलंय ना?" मुद्दामच. पायाला सवय लागू द्यायचीच नाही. काळोखाचं कौतुक आम्ही फार करतो. निम्मं काम या पायऱ्याच करत असणार, हे मला तिच्या काठीच्या आवाजावरून पटलं.

थोडं वर गेल्यावर ती म्हणाली, "इकडून गार वारा येतोय. बाहेरची वाट?" मी घाईनं तिचा दंड धरला. वाट चुकलेला शत्रू उजेड बघून त्याच बाजूला वळायचा आणि थेट खंदकात कोसळायचा, असं आम्ही सांगतो. उजेड नाही तर वारा, फसवायला काहीही पुरतं. यातूनही कुणी निभावलाच, तर वरच्या तोंडाशी जाळ करून भुयारात धूर कोंडायची सोय होती.

"मग किल्ला पडला कसा?"

1296 साली अल्लाउद्दीन खिलजीनं वेढा घातला, तेव्हा घाईत वर चढवलेली धान्याची पोती मिठाची निघाली आणि इथल्या यादव राजाला, रामदेवरायाला, तह करावा लागला, अशी गोष्ट सांगतात. तीच सांगितली.

मागून एक पोरगा म्हणाला, "पोत्यात हात घालून बघितलं नाही का कुणी?"