आमची वाटचाल : वॉटर कूलर दुरुस्तीपासून रीफ टँकच्या चिलरपर्यंत

बाबांचं डोंबिवलीत फ्रीज आणि वॉटर कूलर रिपेअरचं दुकान, मी शाळेतून आलो की तिथेच बसायचो, त्यामुळे कॉम्प्रेसर दमलाय की ठीक आहे हे आवाजावरून कळायला लागलं होतं. एकदा ठाण्याचे एक काका आले, घरी १२० लिटरची रीफ टँक, म्हणजे माशांसोबत प्रवाळ ठेवलेली खाऱ्या पाण्याची टाकी, क्लाउनफिशची जोडी, थोडे सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ), आणि मे महिन्यात पाणी ३२ डिग्री. कोरलला २५-२६ लागतं, पाणी तापत राहिलं की त्याच्या अंगातलं शेवाळ निघून जातं आणि ते पांढरं पडतं, हे आम्हाला त्यांनीच शिकवलं.

आम्ही कूलरची तांब्याची कॉइल सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या छोट्या टाकीत, सोडून दिली. पाणी मस्त २६ वर आलं, आम्ही खूश. चार दिवसांनी फोन आला, गोगलगायी आणि कोळंबी सगळ्या गेल्या, मासे ठीक आहेत. खाऱ्या पाण्यात तांबं उतरतं आणि या जिवांना ते अगदी थोडं असलं तरी विष. बाबा स्वतः जाऊन पैसे परत देऊन आले, मला अजून त्याचं वाईट वाटतं. तेव्हापासून टायटॅनियमची कॉइल, महाग पडते पण दुसरं काही आम्ही लावतच नाही.

दुसरी चूक जागेची. गिऱ्हाइकाला मशीन दिसायला नको होतं म्हणून चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं मशीन, टाकीखालच्या बंद कपाटात बसवला, मग तोच गरम वारा परत आत ओढत राहिला, कॉम्प्रेसर थांबेचना आणि पाणी २९ च्या खाली येईना. चिलर उष्णता संपवत नाही, पाण्यातली काढून खोलीत सोडतो, तिला बाहेर जायला वाट पाहिजेच.

म्हणून आता ऑर्डर घ्यायच्या आधी आम्ही दोन दिवस थर्मामीटर लावून ठेवतो, दुपारी किती, पहाटे किती, लाइट चालू असताना किती. हिशोब सोपा आहे, १२० लिटर पाणी ६ डिग्री उतरवायचं म्हणजे साधारण ८४० वॉट-अवर उष्णता काढायची, वर पंप आणि लाइटची उष्णता दिवसभर येत राहते ती वेगळी, मोठी मोटर पाण्यात बुडवलेली असेल तर आधी ती बदला असं सांगतो. दोन डिग्रीचाच प्रश्न असेल तर पंखा लावा म्हणतो, विक्री गेली तरी चालेल. पण आपल्याकडच्या दमट हवेत पंखा फार खाली नेत नाही, नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तोच छान चालतो, आणि उडालेल्या पाण्याची भरपाई साध्या आरओ पाण्याने करायची, मीठ टाकीतच राहिलेलं असतं.

कडक कोरल (दगडासारखा सांगाडा असलेलं प्रवाळ) ठेवायचंय म्हणून विचारणारे येतात, त्यांना सरळ नाही म्हणतो. ते वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत.

सध्या कर्जतच्या एका ताईंच्या टाकीचं काम चालू आहे, तिथे लाइट वरचेवर जाते. कॉम्प्रेसर सुरू होताना करंट जास्त ओढतो, त्यांचा छोटा इन्व्हर्टर ट्रिप होतो. म्हणून इन्व्हर्टरवर फक्त सर्क्युलेशन पंप आणि हवेचा पंप ठेवलाय, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, त्यामुळे आधी मासे गुदमरतात, तेवढं सांभाळलं की चिलर लाइट आल्यावर तीन मिनिटं थांबून आपोआप सुरू होतो.