डॉक्टर, तुम्ही एडीएचडी मानत नाही ना?

पालकसभेत, लग्नाच्या पंगतीत, ओपीडीच्या दारात मला हाच प्रश्न येतो. एडीएचडी म्हणजे मुलाचं लक्ष न टिकणं, सतत चुळबुळ, विचार न करता धाव घेणं. काही जण आशेने विचारतात, कारण त्यांना मुलाची गोळी थांबवायची असते. काही जण चिडून विचारतात, कारण त्या गोळीमुळे त्यांच्या घरात पहिल्यांदा शांत संध्याकाळ आलेली असते. सांगलीत इतकी वर्षं लहान मुलं तपासतोय, पण दोघांनाही मी नीट उत्तर दिलेलं नाही.

मानतो. माझा राग आहे तो घाईवर. शाळेने भरून दिलेला एक फॉर्म, पंधरा मिनिटांची भेट, की लागली चिठ्ठी. हे निदान रक्तात दिसत नाही, स्कॅनमध्ये दिसत नाही. मोठ्या माणसांनी केलेल्या वर्णनावरून ते ठरतं. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, २०१२ साली ते छापून आलं. तिथे शाळाप्रवेशासाठी वय मोजायची तारीख ३१ डिसेंबर, म्हणजे डिसेंबरातलं मूल वर्गात सगळ्यांत लहान. जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना हे निदान ३० टक्क्यांनी जास्त मिळालं, मुलींना ७० टक्क्यांनी. वर्गात सगळ्यांत धाकटं असणं हा काय आजार आहे? पहिलीसाठी आपल्याकडेही तीच तारीख आहे. म्हणून मी आधी जन्ममहिना विचारतो. मग रात्री तोंड उघडं टाकून घोरतो का, ऐकू नीट येतं का, बोलता बोलता क्षणभर हरवतो का. ॲडेनॉइड, म्हणजे नाकामागची गाठ, वाढलेलं मूल रात्री धड झोपत नाही आणि दिवसा बाकावर चुळबुळत राहतं. त्याला लक्ष लागण्याची गोळी कशाला?

हे सगळं मी आजही तितक्याच जोराने म्हणेन. पण एक मुलगा आहे, त्याच्याबद्दल मी आजवर कुठे बोललो नाही.

नऊ वर्षांचा होता. जन्म फेब्रुवारीचा, म्हणजे वर्गातला मोठाच. पुण्याच्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला तीनदा बोलावून, शाळेतल्या बाईंशी फोनवर बोलून मिथिलफेनिडेट, म्हणजे एडीएचडीची नेहमीची गोळी, सुरू केली होती. घाई कुठेच नव्हती. माझ्याकडे तो आला सर्दी-खोकल्याला. वजन केलं, तर आठ महिन्यांत वाढ नाही. आई म्हणाली, दुपारी डबा तसाच परत येतो. या गोळीने भूक मरते हे मला ठाऊक होतं. पुण्याला एक फोन करायला हवा होता, डोस किंवा वेळ बदलता आली असती. मी म्हणालो, "आई, मूल आहे हे. उड्या मारणारच. बंद करा गोळी." त्या माउलीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला आणि मला फार बरं वाटलं. दसऱ्याच्या आसपासची गोष्ट.

संक्रांतीला कटलेल्या पतंगामागे तो रस्त्यावर धावला. टेम्पो. मांडीचं हाड मोडलं. मी वॉर्डात गेलो तेव्हा आई चिडली नाही. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती एवढंच म्हणाली, "सर, गोळी चालू होती तेव्हा रस्ता आला की तो आपणहून माझा हात धरायचा."

पतंगामागे कुठलंही पोर धावतं, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं समजावलं. ते खरंही आहे. पण अशा मुलांना अपघात जास्त होतात हेही मी वाचलेलं होतं, आणि त्या दिवशी ते मला आठवलं नाही, कारण ते माझ्या बाजूचं नव्हतं. उत्तर अमेरिकेतल्या ५७९ मुलांवरच्या अभ्यासाचंही तसंच. १९९९ साली छापलेल्या निकालात गोळी घेणारा गट नुसत्या वर्तन-उपचारांच्या गटापेक्षा सरस ठरला, अभ्यास सुरू झाल्यापासून तीन वर्षांनी पाहिलं तर गटांमधला फरक उरला नव्हता. हे मी पालकांना हटकून सांगायचो. तोवर बऱ्याच मुलांचे उपचार बदलले होते, कुणी गोळी सोडली होती, कुणी धरली होती, हे मात्र गाळायचो.

मग मी चुकलो होतो का? त्या मुलाच्या बाबतीत, हो. फॉर्म आणि पंधरा मिनिटांच्या बाबतीत, नाही. या दोन उत्तरांची सांगड मला अजून घालता आलेली नाही.

गेल्या महिन्यात सहा वर्षांचा एक मुलगा आला, शाळेचा फॉर्म घेऊन. जन्मतारीख २७ डिसेंबर. मी फॉर्म बाजूला ठेवला, घशात पाहिलं, कान तपासले, झोपेचं विचारलं. मग विचारलं, रस्त्यावर हात धरतो का?

आई म्हणाली, "नाही हो. सुटून पळतो."