वकिलीचं न छापलेलं वेळापत्रक

हेमन स्वेट हा ह्यूस्टनमधला पोस्टमन. १९४६ च्या फेब्रुवारीत त्यानं टेक्सास विद्यापीठाच्या लॉ स्कूलकडे अर्ज केला आणि तो केवळ कृष्णवर्णीय असल्यामुळे फेटाळला गेला. प्रकरण कोर्टात गेल्यावर राज्यानं घाईघाईनं कृष्णवर्णीयांसाठी वेगळं लॉ स्कूल काढलं. आज ह्यूस्टनमध्ये नागरी हक्कांचे वकील थरगुड मार्शल यांच्या नावानं जे लॉ स्कूल चालतं, त्याची सुरुवात ही अशी. मार्शल यांनी स्वेटचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवला आणि ५ जून १९५० ला स्वेट जिंकला.

गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथेच थांबतात. स्वेट वर्गात जाऊन बसला, पण १९५२ मध्ये पदवी न घेताच बाहेर पडला. तब्येत ढासळलेली, लग्न मोडलेलं, परीक्षेत अपयश. पुढे त्यानं अटलांटात समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि त्याच क्षेत्रात काम केलं. वकील मात्र तो कधीच झाला नाही.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लॉ विद्यार्थ्यांची चर्चा अजूनही प्रवेशाच्या दारापाशीच घुटमळते. त्याला कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २९ जून २०२३ च्या निकालानं प्रवेशात वंशाचा विचार करायला बंदी आली आणि पुढच्याच वर्षी हार्वर्ड लॉ स्कूलच्या पहिल्या वर्षात कृष्णवर्णीय विद्यार्थी ४३ वरून १९ वर आले. पण हा निकाल येण्याच्या आधीच्या दशकातही देशातल्या वकिलांमध्ये कृष्णवर्णीय साधारण ५ टक्केच होते, लोकसंख्येत १३ टक्क्यांच्या पुढे असूनही. गळती दारापलीकडेही आहे. माझ्या मते तिचं मोठं कारण म्हणजे या धंद्याचं एक वेळापत्रक आहे आणि ते कुठेच छापलेलं नाही. ज्यांच्या घरात वकील आहे त्यांना ते जेवताना कळतं. बाकीच्यांना तारीख उलटून गेल्यावर.

आता हे विद्यार्थी कोण? अमेरिकेत बारावीनंतर थेट कायदा शिकता येत नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग तीन वर्षांचं लॉ स्कूल. त्यामुळे वर्गात बावीस वर्षांची मुलं असतात, तसे चाळिशीतले लोकही. कुणी सैन्यातून आलेलं, कुणी शाळेत शिकवणारं, कुणी दहा वर्षं वकिलांच्या ऑफिसात पॅरालीगल म्हणून फायली लावलेलं. आईवडील नायजेरिया, जमैका किंवा हैतीतून आलेले काही, तर दक्षिणेत सहा पिढ्या रुजलेली कुटुंबंही. भाऊ किंवा वडील तुरुंगात असताना पहिल्यांदा कोर्ट पाहिलेलेही असतात. ‘कृष्णवर्णीय विद्यार्थी’ असा एक साचा धरला की सल्ला चुकतोच. नोकरी सोडता न येणाऱ्यासाठी चार वर्षांचा संध्याकाळचा अभ्यासक्रम असतो. त्याला दुय्यम समजणाऱ्यांनी हॉवर्ड विद्यापीठाचा इतिहास पाहावा. १८६९ मध्ये सुरू झालेलं तिथलं लॉ स्कूल बराच काळ रात्रशाळाच होतं. तिथले उपअधिष्ठाता चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी १९२९ नंतर ते पूर्णवेळ केलं, १९३१ मध्ये अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेची मान्यता आणली आणि १९३३ मध्ये तिथूनच मार्शल पदवी घेऊन बाहेर पडले. निर्णय दूरदृष्टीचा होता, पण दिवसा पोटापाण्याचं काम करणाऱ्यांचा रस्ता त्यामुळे बंद झाला, हेही तितकंच खरं.

आज ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठांची, म्हणजे मुळात कृष्णवर्णीयांसाठी निघालेल्या विद्यापीठांची, सहा लॉ स्कूल आहेत: वॉशिंग्टनमध्ये दोन (हॉवर्ड आणि डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया विद्यापीठ), शिवाय डरहॅम, बॅटन रूज, ह्यूस्टन आणि ऑरलँडो इथे एकेक. ऑरलँडोचं फ्लोरिडा ए अँड एम राज्यानं १९६८ मध्ये बंद पाडलं होतं, ते २००२ मध्ये पुन्हा उघडलं.

अर्जाकडे येऊ. प्रवेश टप्प्याटप्प्यानं दिले जातात. अर्ज सप्टेंबरच्या आसपास उघडतात आणि जसे येतात तसे तपासले जातात. शेवटची तारीख मार्चमधली असली तरी तोवर जागा आणि मुख्य म्हणजे शिष्यवृत्तीचा पैसा बराच वाटून झालेला असतो. नोव्हेंबर संपण्याआधी अर्ज जायला हवा, म्हणजे एलसॅट ही प्रवेशपरीक्षा उन्हाळ्यात किंवा फार तर सप्टेंबर-ऑक्टोबरात द्यायची. या परीक्षेत १२० ते १८० गुण मिळतात. ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्स गेले. आता तर्काचे दोन आणि वाचनाचा एक असे गुणांचे तीन विभाग, आणि गुण न धरला जाणारा चौथा, प्रत्येकी ३५ मिनिटं. फी दोनशे डॉलरच्या वर, आणि त्यानंतर प्रत्येक लॉ स्कूलला पाठवायच्या अहवालाचे वेगळे पैसे. कमी उत्पन्नाच्या अर्जदाराला फी माफ होते, पण माफीचा अर्ज परीक्षेची नोंदणी करण्याआधी करायचा, कारण भरलेली फी परत मिळत नाही. माफी मिळाल्यावर बरीच लॉ स्कूल स्वतःची अर्ज-फीही सोडतात.

पदवीच्या गुणांतही एक खाच आहे. लॉ स्कूल तुमच्या कॉलेजची सरासरी जशीच्या तशी घेत नाहीत, एलसॅट घेणारी संस्था ती नव्यानं काढते. कम्युनिटी कॉलेजचे जुने गुण त्यात येतात. नापास होऊन पुन्हा दिलेल्या विषयाचा पहिला ग्रेडही कॉलेजनं पुसला असला तरी गुणपत्रकावर दिसत असेल तर धरला जातो. ज्या कॉलेजात ए-प्लस मिळतो तिथल्यांना त्याचे ४.३३ मोजले जातात. जिथे तो ग्रेडच नाही तिथल्या हुशारांची कमाल ४.०० वरच थांबते. यावर उपाय एकच: अर्जाला एक पानाची खुलाशाची पुरवणी जोडायची. कधी काय झालं, किती तास नोकरी होती, नंतरचे गुण कसे सुधारले, एवढंच. रडगाणं नको.

निबंधाबद्दल २०२३ नंतर बराच गोंधळ आहे. वंशाचा उल्लेखच करायचा नाही, असा समज पसरलाय. निकालपत्रात मुख्य न्यायाधीश रॉबर्ट्स यांनी स्पष्ट म्हटलंय की वंशामुळे आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदार लिहू शकतो. मात्र तो मजकूर त्याच्या धैर्याशी, जिद्दीशी, क्षमतेशी जोडलेला हवा. म्हणजे ‘मी कृष्णवर्णीय आहे’ हे वाक्य अर्जात काहीच काम करत नाही. आजीच्या घराच्या जप्तीची नोटीस सोळाव्या वर्षी स्वतः वाचून तिला समजावली, हा प्रसंग करतो.

आता सगळ्यात महागडी चूक: सशर्त शिष्यवृत्ती. पत्रात मोठा आकडा असतो आणि खाली बारीक अक्षरात ‘सरासरी ३.० राखल्यास’ अशी अट. कॉलेजात कायम ३.५ मिळवणाऱ्याला ती किरकोळ वाटते. पण लॉ स्कूलमध्ये गुण कर्व्हवर, म्हणजे वर्गातल्या इतरांच्या तुलनेत, दिले जातात. वर्गाची सरासरी २.९ वर बांधून ठेवली असेल, तर कुणी कितीही अभ्यास केला तरी अर्ध्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त वर्ग ३.० च्या खाली जाणारच, आणि दुसऱ्या वर्षाची फी पूर्ण भरावी लागणार. प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ स्कूलला बार असोसिएशनच्या मानक क्रमांक ५०९ खालच्या वार्षिक अहवालात, किती जणांना सशर्त शिष्यवृत्ती दिली आणि किती जणांची कापली, हे जाहीर करावं लागतं. तो तक्ता पाहिल्याशिवाय अनामत भरू नये. दुसऱ्या स्कूलचं पत्र पुढे करून अट काढून घ्या किंवा रक्कम वाढवा असं लेखी मागता येतं. असं मागणं तिथे अजिबात उद्धटपणाचं समजत नाहीत. फक्त ‘अर्ली डिसिजन’मध्ये, म्हणजे प्रवेश मिळाला तर इथेच येईन असं आधीच लिहून देऊन, बांधून घेतलं असेल तर ही ताकद गेलेली असते.

कर्जाचं गणितही बदललंय. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद होतंय आणि कायद्याच्या विद्यार्थ्याला सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार, एकूण २ लाख डॉलरपर्यंतच मिळणार. महागड्या शहरातल्या खासगी लॉ स्कूलची फी अधिक राहण्याचा खर्च याहून जास्त भरतो. उरलेलं खासगी बँकेकडून घ्यायचं तर पत लागते किंवा जामीनदार. ज्या घरात मागच्या पिढीनं जमवलेलं काही नाही, तिथे खरी अडचण इथे होणार आहे.

पहिलं वर्ष. सत्रभर एकही गुण नाही, शेवटी तीन-चार तासांची एकच परीक्षा. वर्गात प्राध्यापक अचानक नाव घेऊन उभं करतात, त्या भीतीनं विद्यार्थी रोज रात्री निकालांची टाचणं काढत बसतात. परीक्षेत मात्र निकाल पाठ आहेत का हे कुणी विचारत नाही. एक लांबलचक काल्पनिक प्रसंग देतात आणि त्यातले वादाचे मुद्दे शोधून दोन्ही बाजूंनी मांडायला सांगतात. कष्टाळू विद्यार्थ्याला बी-मायनस मिळतो तो बहुधा निष्कर्ष लिहून मोकळा झाल्यामुळे. कोणत्या तथ्यानं नियमाचा कोणता घटक पूर्ण होतो, हे त्यानं लिहिलेलंच नसतं. सहाव्या आठवड्यापासून स्वतःची आउटलाइन, म्हणजे विषयाचा मुद्देसूद सारांश, आठव्यापासून त्याच प्राध्यापकाचे जुने पेपर घड्याळ लावून सोडवणं आणि ते घेऊन त्यांच्या ऑफिसात जाणं, ही वाट. ऑफिसात जायला पहिल्या पिढीतले विद्यार्थी बिचकतात. क्लर्कशिपसाठीची, म्हणजे न्यायाधीशांचा कायदेविषयक सहायक म्हणून काम मिळवण्यासाठीची, शिफारसपत्रं मात्र तिथल्याच ओळखीतून येतात.

या सगळ्या ‘कुणी सांगितलंच नाही’ प्रकारावरचा जुना उतारा म्हणजे ब्लॅक लॉ स्टुडंट्स असोसिएशन, विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘बाल्सा’. १९६८ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात सुरू झाली. अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धा वगैरे आहेतच, पण शाखेकडे असलेल्या जुन्या आउटलाइन्स आणि सीनियरचा फोन नंबर हे तिचं खरं धन.

मोठ्या फर्मना विद्यार्थी निवडायची आताशा फार घाई असते. दुसऱ्या उन्हाळ्याच्या नोकऱ्या पहिल्या वर्षाच्या वसंतातच ठरू लागल्यात, म्हणजे जानेवारीत लागलेल्या पहिल्या सत्राच्या तीन-चार ग्रेडवर. काही फर्मच्या कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य विद्यार्थ्यांसाठीच्या फेलोशिपवर २०२३ च्या ऑगस्टमध्ये खटले झाले आणि त्या सर्वांसाठी खुल्या करण्यात आल्या. तेव्हा मागच्या वर्षीच्या सीनियरचा सल्ला न तपासता पाळू नये, पात्रता दरवर्षी बदलते.

स्वप्नांचं काय? नागरी हक्कांचे खटले, गरीब आरोपींचा सरकारी बचाव, हे खूप जणांच्या मनात असतं. काही मुद्दाम सरकारी वकील होतात, कारण आरोप ठेवायचा की नाही हे तिथे ठरतं. मोठ्या फर्ममध्ये सुरुवातीला वर्षाला २ लाख २५ हजार डॉलर मिळतात, बचाव कार्यालयात त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. फर्मला जाणाऱ्याला ‘विकला गेला’ म्हणणाऱ्यांनी त्याच्या कर्जाचा हप्ता पाहावा. पण फर्ममध्ये टिकणंही सोपं नाही; तिथल्या भागीदारांत कृष्णवर्णीय अडीच टक्क्यांच्या आसपासच आहेत. सार्वजनिक सेवेत राहिल्यास पात्र १२० हप्त्यांनंतर उरलेलं सरकारी कर्ज माफ होतं. त्यासाठी दरवर्षी नोकरीचा दाखला भरून ठेवायचा, आणि ‘व्याज कमी करून देतो’ म्हणणाऱ्या खासगी बँकेकडे कर्ज कधीच वळवायचं नाही. एकदा वळवलं की माफीचा हक्क गेला.

एक कमी बोलला जाणारा विषय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: जमिनी. दक्षिणेत गुलामगिरी संपल्यानंतर कृष्णवर्णीय कुटुंबांनी घेतलेली पुष्कळ जमीन मृत्युपत्राविना पुढे आली. वारसनोंद झाली नाही, चौथ्या पिढीत साठ-सत्तर सहहिस्सेदार झाले. बाहेरचा माणूस एका दूरच्या चुलतभावाचा बारीक हिस्सा विकत घेतो आणि सहमालक म्हणून वाटणीचा दावा लावतो. इतक्या तुकड्यांत वाटणी शक्य नाही म्हणून कोर्ट सगळी जमीन लिलावात काढायचं. २०१० मध्ये याविरुद्ध एक नमुना कायदा तयार झाला आणि अनेक राज्यांनी तो स्वीकारला: आधी बाजारभावानं मूल्यांकन, मग बाकीच्या वारसांना तो हिस्सा विकत घ्यायची पहिली संधी. पण वंशावळ जुळवून, प्रत्येक वारसाची सही आणून नाव लावणारा वकील गावात लागतोच. साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्याकडे हे काम डोंगराएवढं आहे.

त्याच राज्यातली बार परीक्षेची गोष्ट. राज्याच्या विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली की परीक्षेविना सनद मिळायची. १९४७ मध्ये ऑरेंजबर्गला कृष्णवर्णीयांसाठी लॉ स्कूल निघालं, आणि तिथले पदवीधर बाहेर पडायच्या सुमारास ही सवलत रद्द झाली. १९५१ चे पदवीधर मॅथ्यू पेरी तरीही परीक्षा पास झाले आणि पुढे संघीय न्यायाधीश झाले.

आजही सगळ्यात अरुंद जागा हीच. २०२० मध्ये पहिल्याच प्रयत्नात पास होणाऱ्यांचं प्रमाण श्वेतवर्णीयांत ८८ टक्के, कृष्णवर्णीयांत ६६ टक्के होतं. पदवी मे महिन्यात, परीक्षा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. मधले दहा आठवडे, अभ्यास साधारण ४०० तास, म्हणजे आठवड्याला ४०. नोकरी करत हे जमत नाही. भाडं मात्र द्यावंच लागतं, आणि पदवीनंतर सरकारी विद्यार्थी कर्ज मिळत नाही. म्हणून शेवटच्या सत्रातच आर्थिक मदत कार्यालयाला सांगून बार परीक्षेचा खर्च शिक्षणखर्चात धरून घ्यायचा. कायद्यानं पहिल्या परवान्याचा खर्च त्यात बसतो. चारित्र्य-तपासणीचा अर्जही तेव्हाच भरायला घ्यायचा. जुनी अटक, थकलेलं कर्ज यांपेक्षा लॉ स्कूलच्या अर्जात न सांगितलेली गोष्ट इथे उघड झाली की जास्त अडतं. आधीच्या अर्जाची प्रत काढून दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून पाहायची, आणि फरक असेल तर लॉ स्कूलला आपणहून कळवून दुरुस्ती करायची.

नापास झालात तर पुढची परीक्षा फेब्रुवारीत. त्याआधी आकडा नीट पाहा. बऱ्याच राज्यांत एकच सामाईक परीक्षा आहे, ४०० गुणांची, पण पास होण्याची रेषा वेगळी: न्यूयॉर्कला २६६, टेक्सासला २७०, अलाबामाला २६०. न्यूयॉर्कमध्ये २६२ मिळवून नापास झालेला माणूस तेच गुण घेऊन अलाबामात सनद मागू शकतो. गुण ठरावीक वर्षंच चालतात, तेव्हा हा अर्ज फेब्रुवारीची वाट न पाहता करावा.